लोड ज्याचा त्याच्या हातात

कोल्हापुरात एखाद्याला "तुला जमायचं न्हाई" म्हटलं की तो ते करून दाखवणारच. पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ, त्यांच्या मॅचला शाहू स्टेडियमवर उसळणारी गर्दी, गणपतीत कुणाची मिरवणूक भारी, मैदानात कुणाचा पैलवान कुणाला चितपट करणार, सगळीकडं ईर्ष्या. मी इथलीच, त्यामुळं माझ्याही रक्तात ती आहे आणि मला ती आवडते. पण ज्या खोलीत मी रोज सकाळ-संध्याकाळ लोकांकडून मेहनत करून घेते, तिथं तिला जागा नसावी, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. सध्या त्या मताची बाजू मांडायची वेळ आली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी इनडोअर सायकलिंगचा क्लास घेते. स्पिनिंगची बॅच म्हणतात आमच्याकडं. ताराबाई पार्कातल्या एका जिमचा वरचा मजला, अर्धगोलात मांडलेल्या सोळा सायकली आणि त्यांच्याकडं तोंड करून माझी एक. सायकली जागच्या हलत नाहीत. पुढच्या चाकाच्या जागी अठरा-वीस किलोचं जड फ्लायव्हील, आणि हँडलच्या खाली दांड्यावर एक नॉब. नॉब उजवीकडं फिरवला की लोड वाढतो, म्हणजे चढ लागतो. डावीकडं फिरवला की सपाटी. वरून दाबला की ब्रेक. रस्त्यावरच्या सायकलवर पाय थांबवले तरी चाक मोकळं पळत राहतं, तसं आमच्या सायकलींवर होत नाही. फ्लायव्हील आणि पेडल एकमेकांना बांधलेले, त्यामुळं पाय थांबवायला गेलं तर चाकच पायाला ओढून नेतं. नव्या माणसाला मी आधी थांबायला शिकवते, पेडल मारायला नंतर.

आणि कुणी किती लोड लावलाय हे मला दिसत नाही. आमच्या सायकलींवर आकडे दाखवणारे पडदे नाहीत. मी म्हणते, "लोड वाढवा," सोळा हात नॉबकडं जातात, पण कुणी किती फिरवला हे ज्या त्या हातालाच ठाऊक. कुणी पाव फेरा फिरवतं, कुणी अर्धा, कुणी नॉबला नुसतं बोट लावून हात परत घेतं. ते बोट मला दिसतं आणि मी काही बोलत नाही. रात्रभर तापलेल्या लेकरापाशी बसून आलेली बाई असेल. कालच चतुर्थीचा उपास सोडलेला असेल. तिचा चढ तिला माहीत.

मग मी पुढं बसून करते काय? बघते. या कामातलं निम्म्याहून जास्त काम बघण्याचं आहे. लोड कमी आणि वेग जास्त झाला की माणूस सीटवर उडायला लागतो, कंबर आदळते. लोड झेपेनासा झाला की आधी खांदे कानाकडं सरकतात, मग हँडलवरची पकड आवळते, बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि पाय गोल फिरायचे सोडून दर फेरीला खाली ढकलले जातात. सगळ्यात जास्त काळजी ओठ मिटून श्वास धरून ठेवणाऱ्यांची. त्यांच्यापाशी मी उतरून चालत जाते आणि काहीतरी साधं विचारते, "वहिनी, आज डब्याला काय दिलं?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर दम ठीक आहे. एकेका शब्दात आलं तर चढ खरोखर चालू आहे. उत्तरच आलं नाही तर मी हात पुढं करून नॉब अर्धा फेरा डावीकडं फिरवते. दुसऱ्याच्या नॉबला मी हात लावते तो तेवढ्यापुरताच.

कष्ट मोजायला आमच्याकडं एकच पट्टी, एक ते दहा, आणि ती ज्यानं त्यानं आपापली सांगायची. या पट्टीचं मूळ स्वीडनच्या गुन्नर बोर्ग या मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. माणसाला आपण किती कष्ट करतोय ते स्वतःच्या शब्दांत सांगता यावं म्हणून त्यांनी ६ ते २० अशी पट्टी तयार केली. आकडे विचित्र वाटतात, पण त्यांना दहानं गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या नाडीचे ठोके साधारण तेवढे निघतात. ६ म्हणजे नुसतं बसलेलं असताना ६०, २० म्हणजे अगदी टोकाला २००. आम्ही सोपी करून एक ते दहा वापरतो. मला या पट्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की शेजारी-शेजारी बसलेल्या दोघींनी "सात" म्हटलं तर दोघींचेही सात खरे असतात. एकीचा लोड दुसरीच्या दुप्पट असेल. त्यानं सातात फरक पडत नाही.

हे यंत्र मुळात घोळक्यासाठी जन्मलेलंच नाही. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेला जॉनी गोल्डबर्ग नावाचा सायकलपटू १९८० च्या दशकात रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका या शर्यतीचा सराव करत होता. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर, जवळपास तीन हजार मैल, झोपेचे लचके तोडत. रात्रीच्या सरावात गाडीखाली येता येता तो वाचला आणि मग घरातच चालवता येईल अशी सायकल त्यानं बनवायला घेतली. पुढं मित्रमंडळी आली, गाणी आली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात श्विन कंपनीनं तशा सायकली बनवून विकायला सुरुवात केल्यावर जगभरच्या जिममध्ये त्या पोचल्या. एकट्यानं मारायच्या शर्यतीची तयारी आज ताराबाई पार्कात सोळा जण मिळून करतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना कुठलीच शर्यत मारायची नाही. मला ही गोष्ट फार छान वाटते.

मिळून मेहनत करणं कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे मामा तालमीत जायचे. आम्हा मुलींना आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. थंडाईसाठी भिजवलेले बदाम द्यायला मी दारापर्यंत जायची आणि दारातून जेवढं दिसेल तेवढं बघून घ्यायची. तांबडी माती, हात लागून लागून तुकतुकीत झालेल्या भिंती, मारुतीची तसबीर, आणि जोर मारणाऱ्या पोरांच्या रांगांमधून फिरणारे वस्ताद. वस्ताद त्या वेळी स्वतः जोर मारत नसत. एखाद्याच्या पाठीवर पंजा ठेवून कंबर खाली दाबत, एखाद्याचा कोपर नुसत्या बोटानं आत घेत, एखाद्यापाशी काहीच न बोलता थांबत आणि पुढं जात. कोवळं पोरगं पन्नास जोर मारून बाजूला होई, शेजारचा पाचशेवर जाई, आणि त्या पन्नासवाल्याला कुणी हसत नसे. पाचशेवाल्याची पाठ कुणी थोपटत नसे.

ईर्ष्या होती, पण ती मैदानात. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं ते त्यासाठीच. मधे मातीचा उंच आखाडा, भोवती उतरत्या बैठका, हजारो माणसांना एकाच वेळी कुस्ती दिसावी अशी रचना. तिथं हलगी कडाडली पाहिजे, शड्डू घुमला पाहिजे, हार-जीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे. मेहनत मात्र तालमीच्या चार भिंतींत आणि ज्याची त्याला. आपल्या गावानं मेहनत आणि मैदान या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, हे मला मोठेपणी या सायकलींच्या खोलीत उभं राहिल्यावर कळलं. ईर्ष्या गावभर दिसते म्हणून तीच गावाची रीत आहे असं आपण धरून चालतो. तालमीतली रीत कुणाला दिसत नाही, कारण ती पहाटे चारला चालते.

आता माझी अडचण. जिमच्या मालकांना भिंतीवर मोठा पडदा लावायचा आहे. प्रत्येक सायकलला सेन्सर, पडद्यावर प्रत्येकाचं नाव, वेग, किती जोर लावला ते वॅटमध्ये, आणि कोण पहिला कोण सोळावा याची सतत वर-खाली होणारी यादी. मोठ्या शहरांतल्या स्टुडिओत असते तशी. "मॅडम, आपल्या गावात हे चालणारच. लोक येड्यासारखे पेडल मारतील," असं ते म्हणतात. ते मनापासून म्हणतात आणि त्यांचं खरंच आहे. लोक तसेच मारतील. माझी भीती तीच आहे.

नव्या माणसाच्या बाबतीत ही भीती मनाचा खेळ नाही. पेडल मारताना मांडीच्या मोठ्या स्नायूंवर सगळा भार येतो. सवय नसलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी हट्टानं पाऊण तास भारी लोड ओढला तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळताना मूत्रपिंडांवर ताण येतो. ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला. पहिल्याच स्पिनिंग क्लासनंतर असं होऊन दवाखान्यात दाखल झालेल्यांची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहेत, आणि त्यांत चांगली धडधाकट तरुण माणसं आहेत. मांड्या न हलवता येण्याइतक्या दुखतात, सुजतात, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. असं काही दिसलं तर घरी तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. पहिला आठवडा त्यांना सीट सोडून पेडलवर उभं राहू देत नाही आणि वीस मिनिटांनी उतरायची मोकळीक आधीच देऊन ठेवते. फुटबॉल खेळणारी पोरं मित्राबरोबर पैज लावून येतात, त्यांनाही हाच नियम. नव्वद मिनिटं पळणाऱ्या पायालासुद्धा हे काम नवं असतं. एकानं मला विचारलं होतं, "मॅडम, मी काय म्हातारा हाय काय?" मी म्हटलं, "बाळा, तू नवीन आहेस." तो हसला आणि वीस मिनिटांनी मुकाट्यानं उतरला. आता तो गुडघ्याच्या दुखण्यातून सावरायला नेमानं येतो आणि सगळ्यात शहाण्यासारखा लोड तोच लावतो.

सकाळी साडेदहाची बॅच बायकांची. डबे गेले, धुणं झालं, मुलं शाळेत, त्या मधल्या तासात या येतात. "आलो की ओ मॅडम, भाजी फोडणीला टाकूनच आलो," असा जिन्यातूनच आवाज येतो. सुरुवातीला बऱ्याच जणी पंजाबी ड्रेसमध्ये यायच्या. ओढणी खिडकीच्या गजाला बांधून ठेवायची, फिरत्या पेडलपाशी लोंबतं कापड नको, हा माझा पहिला नियम. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत. पायात मागून बंद असलेले बूट. मग सीट. माणूस सायकलशेजारी सरळ उभा राहिला की सीट त्याच्या कमरेच्या हाडाशी यायला हवी. वर बसून पेडल तळाला नेलं की गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा, पूर्ण ताठ नको आणि फार मोडलेलाही नको. हे मी हातानं चाचपून बघते. सीट दोन बोटं खाली राहिली तरी महिन्याभरात गुडघा पुढून कुरकुरायला लागतो, आणि बायका गुडघ्याचा दोष वयाला देऊन मोकळ्या होतात.

या बॅचमध्ये शिवाजी पेठेतल्या एक काकी आहेत. साठी ओलांडलेली, साखर आहे, डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलेला. पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरी, मला सायकल येत न्हाई. चालंल न्हवं?" लहानपणी घरात सायकल होती, ती भावांची. काकी मागं बसायच्या. चालवायला कुणी शिकवलं नाही, मग लग्न, मग मुलं, मग नातवंडं. इथं तोल सांभाळायचा नसतो, पडायची भीती नाही. बसायचं आणि पाय फिरवायचे. त्या बसल्या, पट्टे आवळून घेतले, दोन मिनिटं नुसते पाय फिरवले आणि माझ्याकडं न बघता खाली स्वतःच्या पायांकडंच बघत राहिल्या. मी गाणं चालू करायचं थांबवलं होतं.

चढाचा सराव मी पन्हाळ्याच्या रस्त्यावर बांधते, कारण तो रस्ता इथं प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं आहे. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की वडणगे फाट्यापर्यंत सपाटी, मिनिटाला पंच्याऐंशी-नव्वद फेरे, अंग गरम व्हायला. केर्ली आलं की लोड थोडा वाढवायचा. वाघबीळला रत्नागिरीचा रस्ता सोडला की घाट. तिथं फेरे साठ-सत्तरवर येतात. फेरे मोजायला यंत्र लागत नाही. उजव्या मांडीच्या वर तळहात अधांतरी धरायचा, गुडघा वर येऊन हाताला लागला की एक. पंधरा सेकंदांत सतरा लागले, चारनं गुणलं, अडुसष्ट. गाणं मी त्याच हिशेबानं निवडते. मिनिटाला एकशे छत्तीस ठोक्यांचं गाणं असलं की प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली जातो आणि अडुसष्ट फेरे आपोआप पडतात. ढोलाचं चालतं, ताशाचं चालतं, पण घाटासाठी हलगीला तोड नाही. तिचा कडक ठोका मांडीत उतरतो. नुसती हलगी-घुमक्याची वाजवणूक लावली की सोळा माणसांचे पाय एकदम एका ठेक्यात येतात, आणि लोड मात्र सोळा जणांचे सोळा तऱ्हेचे.

या घाटात काकी डोळे मिटून घेतात. मधेच विचारतात, "वाघबीळ आलं का ओ?" मी म्हणते, "आलं काकी, आता तीन वळणं." रस्त्यावरच्या घोळक्यात ही बाई केर्लीच्या अलीकडंच मागं पडली असती आणि कुणीतरी तिच्यासाठी थांबून राहिलं असतं, म्हणजे तिला अपराधी वाटलं असतं. इथं ती त्या फुटबॉलवाल्या पोराच्या बरोबरीनं गडावर पोचते. रविवारच्या बॅचला ते दोघं शेजारी-शेजारी बसतात. तो घामानं न्हालेला असतो, तीही. मी पडद्याच्या विरोधात आहे ती या एका दृश्यासाठी. यादी लागली की काकी रोज सोळाव्या. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी हे म्हणत नाही, काकी खमक्या आहेत. मला वाटतं की मग त्या वाघबीळ आलं का हे विचारायचं सोडतील आणि पंधरावं कोण आहे ते बघायला लागतील. साखर असलेल्या बाईनं गोळी घेऊन, नीट न खाता, पंधराव्याच्या मागं लागायचं ठरवलं तर साखर एकदम उतरून चक्कर कधी येईल सांगता येत नाही. त्यांच्या पिशवीत साखरेची पुडी असते, माझ्या टेबलावरही.

पावसाळ्यात बॅचला जागा मिळत नाही. एकदा जुलैची झड लागली की रस्त्यावर सायकल घालणारे सगळे आमच्या जिन्यानं वर येतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती झाली, ४३ फुटांच्या धोक्याच्या खुणेला किती उरलं, याच गप्पा चालतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळं त्या गप्पांना हसू नसतं. हे रस्त्यावरचे गडी ताकदीचे असतात, मनगटावर घड्याळं, छातीला नाडी मोजणारे पट्टे. त्यांना आकडे हवेत, आणि सराव करणाऱ्याला ते हवेतच. ते आकडे त्यांच्या मनगटावर राहू देत, एवढंच माझं म्हणणं. एक मात्र त्यांना इथं नव्यानं शिकावं लागतं. रस्त्यावर अंगाला वारा लागतो, घाम वाळतो, अंग थंड राहतं. खोलीत सायकल पुढं जात नाही, म्हणून वारा नाही. तासाभरात अर्धा-एक लिटर घाम सहज जातो आणि नाडी नेहमीपेक्षा वर चढते. पाणी मधे-मधे प्यायला लागतं, तहान लागायची वाट बघून चालत नाही.

आणि शेवटची पाच मिनिटं. ती कुणीही चुकवलेली मला चालत नाहीत, मग रिक्षावाले मामा मुलाला घेऊन दारात उभे असोत की कुकरच्या शिट्ट्या राहिल्या असोत. चढावर मांड्यांमध्ये भरपूर रक्त खेळत असतं आणि चालते पायच ते वर हृदयाकडं ढकलत असतात. पाय एकदम थांबले की रक्त खालीच राहतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि जिना उतरताना माणूस पडतो. म्हणून लोड उतरवून हळूहळू पाय फिरवत बसायचं. याच पाच मिनिटांत बायका बोलतात. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या सासूचं, कुणाचं पहिल्यांदा एकटीनं बँकेत जाऊन आल्याचं. मी ऐकते आणि पाय फिरवते.

पडद्याचं कोटेशन आलंय, असं मालकांनी परवा सांगितलं. मी त्यांना वर घेऊन गेले आणि टेपनं सीटचं माप घेऊन दाखवलं. काकींची उंची पाच फुटांच्या आत. सीट अगदी खालच्या खुणेवर आणली तरी पेडल तळाला गेलं की त्यांची टाच उचलली जाते आणि कंबर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं कलते. साडेदहाच्या बॅचमध्ये अशा आणखी तिघी आहेत. बुटक्या माणसाला बसेल इतकी खाली जाणारी सीट असलेल्या सायकली मिळतात, दोन आणल्या तरी आलटून-पालटून भागेल, आणि उरलेल्या पैशात खिडकीच्या बाजूला दोन मोठे पंखे. "पडद्यावर पहिला नंबर बघायला लोक येतील मॅडम," ते म्हणाले. मी म्हटलं, "येतील. पण या चौघी रोज येतात." त्यांनी टेप माझ्या हातातून घेतला, पुन्हा एकदा सीट मापली आणि सायकलींचंही कोटेशन मागवतो म्हणाले. मी त्यांना कंपनीच्या माणसाचा नंबर तिथंच पाठवून दिला.